माय निवली

नोकरीत असताना चौकशीपुढे मी एक जबाब दिला होता. गरम झऱ्यावरच्या बाईने पाणी थंड झाल्याचं मला सांगितलं आणि मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवून नोंद केली, असं त्यात लिहिलं आहे. खाली माझी सही आहे. सही खरी आहे, वरचं वाक्य खोटं आहे. त्या वाक्यामुळे एक म्हातारी खोटारडी ठरली आणि तशीच मेली. आता डॉक्टर माझ्याशी बोलायच्या ऐवजी माझ्या मुलाशी बोलतात, म्हणून हे लिहून टाकतो आहे. लिहितानाही भीती आहेच. ती कधी गेलीच नाही.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या आधीपासून मी पाणी मोजायच्या कामावर होतो. गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पातळी घ्यायची आणि वहीत लिहायची, हे मुख्य काम. राहायला लाखनीत खोली होती. मूळ घर सिहोऱ्याकडे. याशिवाय महिन्यातून एकदा साकोलीच्या पलीकडे, नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गरम झऱ्यावर जायचं आणि पाण्याची उष्णता घ्यायची. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून ती माणसं राहतात.

झरा म्हणजे दगडांनी बांधलेलं चौकोनी कुंड. उतरायला दहाबारा पायऱ्या. तळाशी खडकात एक फट होती, तिच्यातून पाणी यायचं आणि एका बाजूने नाल्यात जायचं. वर कडुलिंबाजवळ आमच्या कार्यालयाने पत्र्याचा काळा फलक लावला होता, त्यावर मी दर महिन्याला खडूने उष्णतेचा आकडा लिहायचो. लोक त्या झऱ्याला माय म्हणत. लकवा, सांधेदुखी, खरूज असलेली माणसं दुरून येत आणि पाण्यात पाय सोडून बसत. एक रीत मात्र सगळे पाळत: मायच्या पाण्यात बोट घालून अंदाज घ्यायचा नाही. मायची परीक्षा घेत नाहीत. उतरायचं तर सरळ उतरायचं, नाहीतर वरून हात जोडून परत जायचं. त्यामुळे बाहेरून आलेली शिकलेली माणसं आधी माझा फलक वाचत.

झऱ्याची झाडलोट करणारी म्हातारी खालून तिसऱ्या पायरीवर बसायची, पायाजवळ खराटा ठेवून. तिच्या सासऱ्यापासून हे काम त्या घराकडे होतं. मला ती बाबू म्हणायची आणि मी तिला मावशी.

पहिल्याच उन्हाळ्यात मी दोरीला बांधलेलं थर्मामीटर सोडत होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबू, आज माय निवली हाये. जपून जाजा."

"निवली तं जपाचं कायले, मावशी?"

ती हसायला लागली. "तुमच्या घरी दिवा इझवाचा असला तं काय म्हंता?"

"इझवा म्हंतो."

"हट्. शांत करा नाई म्हनत?"

"आमच्या घरी नाई म्हनत. बाबांनी छप्पन साली देव सोडले, तवापासून दिवा इझतेच आमच्या घरी."

"बरं. अन् तुमच्या मायची बांगडी फुटली तं?"

बाबांनी कितीही समजावलं तरी माझी आई बांगडी वाढली असंच म्हणायची.

"तसंच हाये हे," ती म्हणाली. "मायले तापली म्हनाचं नाई. मानूस तापते, त्याले बुखार येते. माय निवते. जंगलात जाऊन वाघाले वाघ म्हंता का तुमी?"

मी थर्मामीटर वर ओढलं. आकडा मागच्या महिन्यापेक्षा तीन अंशांनी वर होता.

"किती निवली?" तिने विचारलं.

"लय निवली, मावशी."

आम्ही दोघंही हसलो. हे हसणं मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्या गावात निवली म्हणजे काय, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

पुढची काही वर्षं मी ते काम मन लावून केलं. वहीच्या समासात चित्रं काढायचो. कुंडाच्या कडेला शेवाळ्याचे पट्टे होते: फटीजवळ नारिंगी, बाहेर नाल्याकडे हिरवे. पाणी जास्त तापलं की नारिंगी पट्टा हिरव्याला मागे सारत बाहेर यायचा. पावसाळ्यात वरच्या बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, गार पाणी झिरपून मिसळायचं, तेव्हा हिरवा पट्टा पुन्हा आत सरकायचा आणि खालच्या पायरीवर बेडूक दिसायचे. दगडांवर पांढरी पुटं चढायची. काडी विझवल्यावर येतो तसा वास कधी कमी, कधी जास्त यायचा. थर्मामीटर नसतं तरी नुसतं वरून बघून मला पाण्याचा अंदाज सांगता आला असता. हेही मुद्दाम लिहितो आहे.

मग एका उन्हाळ्यात, दुपारी, मी शेवटच्या पायरीवर गुडघे टेकून दोरी सोडत होतो. फटीतून सतत येणारे बुडबुडे थांबले. पाणी ताटासारखं स्थिर झालं. मला वाटलं, माझीच नजर चुकली. तेवढ्यात पाण्याची पातळी वीतभर खाली गेली. मोरीत शेवटचं पाणी जाताना होतो तसा आवाज आला आणि फट उघडी पडली. ती आतून काळी होती आणि मला वाटत होतं त्यापेक्षा खूप मोठी. मी वाकून पाहिलं. खालून एक धक्का आला, तो मला गुडघ्यांत जाणवला, आणि पाणी पांढरं होऊन वर आलं. वाफ तोंडावर बसली. मी पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. हातापायांवर चढलो असणार, कारण दोन्ही तळहात सोलले होते. वर आलो तेव्हा माझी पँट ओली होती, आणि ती झऱ्याच्या पाण्याने नव्हे.

म्हातारीने फक्त पाय जवळ घेतले होते. "ढेकर देल्ली मायनं," ती म्हणाली. "होते असं कदीकदी. आमच्या सासऱ्यानं दोनदा पाह्यलं."

तिने माझ्या पँटकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. माझी एक चप्पल खाली राहिली होती, ती तिने काठीने वर ओढून आणून दिली. ही गोष्ट तिने कधीच कोणाला सांगितली नाही. मी तिच्याबद्दल जे केलं ते पुढे येईलच.

त्या दिवसानंतर मला खाली उतरणं जमेना. पुढच्या महिन्यात वरून चौथ्या पायरीवर पाय गारठले. त्याच्या पुढच्या महिन्यात पहिल्याच पायरीवर थांबलो. पायांखालची जमीन आतून पोकळ आहे असं वाटायचं. खोलीवर आंघोळीचं पाणी चुलीवर उकळू लागलं की छाती धडधडायची. चाळिशी उलटलेला माणूस, घरात देव नाही, भूत नाही, आणि एका डबक्याला भितो, हे कोणाला सांगणार? मी वर कडुलिंबाखाली उभा राहून विचारायला लागलो, "मावशी, काय म्हंते माय?" ती सांगायची आणि मी अंदाजाने आकडा लिहायचो.

जिल्हा फुटला तेव्हा कार्यालयातलं सामान वाटलं गेलं. कपाटं, फायली, टेबलं, पेट्या ट्रकमध्ये चढल्या. त्या गडबडीत माझ्या थर्मामीटरची पेटी दुसऱ्या बाजूला गेली. हेडक्लार्कने विचारलं, "तुमचं काही गेलं का यात?"

"नाही," मी म्हटलं.

गेलं असं सांगितलं असतं तर दुसरं मिळालं असतं, आणि ते घेऊन खाली उतरावं लागलं असतं. पेटी गेली याचा मला आनंद झाला होता.

मी काही महिने तोच तो आकडा लिहीत राहिलो. एकदा वही तपासताना साहेब म्हणाले, "तुमचा झरा मेला का हो? आकडा हलतच नाही." सगळे हसले. म्हणजे आकडा हलवणं भाग होतं. तो वर नेला तर साहेब म्हणणार, चला, सोबत जाऊन बघू. आणि सगळ्यांच्या देखत मला त्या पायऱ्या उतराव्या लागणार. खाली नेला तर कोणी काही विचारणार नाही. गार होत चाललेल्या झऱ्याला कोण भितो? म्हणून मी आकडा खाली न्यायला सुरुवात केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: स्थानिक बाईच्या सांगण्यानुसार पाणी निवले आहे. शब्द तिचाच होता. त्याचा अर्थ साहेबांना माहीत नव्हता आणि मला होता.

त्यातच सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला. बोड्या आटल्या, धानाच्या बांध्यांत भेगा पडल्या. झऱ्यात मिसळणारं वरचं गार पाणी बंद झालं आणि खालून येणारं तेवढं उरलं. हे सगळं मला वरून दिसत होतं. नारिंगी शेवाळं पार नाल्याच्या तोंडापर्यंत आलं. हिरवं दिसेनासं झालं. बेडूक गेले. पांढरं पुट दोन पायऱ्या वर चढलं. खालून तिसऱ्या पायरीवर बसणारी म्हातारी खालून सहाव्या पायरीवर बसू लागली आणि नंतर पार वर कडुलिंबाखाली. गावची माणसं उतरायची बंद झाली होती. येत ती फक्त बाहेरची. दर महिन्याला ती मला सांगायची, "बाबू, माय लय निवली. अशी निवलेली मी पाह्यली नाई." सांगताना तिच्या डोळ्यांत भीती असायची. मी मान हलवून फलकावर मागच्यापेक्षा कमी आकडा लिहायचो. त्या थंडीत फलकावर अडतीस होतं. म्हणजे अंगाला सुखावेल असं पाणी.

एक दिवस दुपारी गेलो तर वरून पाचव्या पायरीवर बोरीची मोठी फांदी आडवी टाकलेली होती, वर दोन गोटे ठेवून. आमच्याकडे वाटेवर काटी टाकली की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: इथून पुढे जायचं नाही.

"सुनेले तोडाले लावली," म्हातारी म्हणाली. तिला मोतीबिंदू झाला होता, माझ्या बाजूला बघून बोलत होती पण माझ्याकडे नव्हे. "बाहेरचे आयकत नाई, बाबू. मी निवली म्हंतो, अन् ते खुशाल उतरते."

दुसऱ्या दिवशी साहेब झरा पाहायला येणार होते. पायऱ्यांवर काटी आणि फलकावर अडतीस, हे त्यांना कसं समजावणार? म्हातारी जेवायला घरी गेली, तेव्हा मी पाच पायऱ्या उतरलो. त्या वर्षांत एवढा खाली मी त्याच दिवशी गेलो. वाफ पोटऱ्यांना लागत होती. मी गोटे बाजूला केले, फांदी ओढत वर आणली आणि नाल्यात फेकली. साहेब गेले की परत टाकू, असं मनाशी म्हटलं आणि साकोलीच्या बसमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची मीटिंग निघाली, ते आले नाहीत. मग मीही गेलो नाही.

त्याच सकाळी लाखनीच्या पलीकडून एक माणूस तिथे आला. त्याला लकवा झाला होता, कमरेखाली काही कळत नव्हतं. सोबत त्याची मुलगी होती. पुढचं मी चौकशीत तिच्या तोंडून ऐकलं. वर बसलेल्या म्हातारीने तिला दोनदा सांगितलं, "बाई, माय लय निवली हाये." मुलीने त्याचा सरळ अर्थ घेतला. फलक वाचला. दोन्हींचं म्हणणं एकच होतं. ऑटोवाल्याच्या मदतीने तिने वडिलांना खाली नेलं, शेवटच्या पायरीवर बसवून त्यांचे पाय पाण्यात सोडले. म्हातारीला दिसत नव्हतं. काटीपर्यंत जातील आणि परत फिरतील असंच तिला वाटत होतं. मुलगी एक पायरी वर उभी राहून चष्म्यावरची वाफ पुसत होती. थंडीत तिथे नेहमीच वाफ असते. रीत सांगितलेली, म्हणून तिने पाण्याला हात लावला नाही. वडील शांत बसले होते. तिने विचारलं, "बाबा, लागून राहिलं का काही?" ते म्हणाले, "नाई, बरं हाये." पाय वर घेतले तेव्हा कातडी सैल मोज्यासारखी घसरली.

तो माणूस जगला, पण एक पाऊल काढावं लागलं. दवाखान्यात मी कधीच गेलो नाही.

चौकशी गावातल्या शाळेच्या खोलीत झाली. टेबलामागे तीन साहेब होते. म्हातारी जमिनीवर बसली होती आणि तिची सून दाराशी उभी होती. गावातली माणसं खिडकीबाहेर.

"पाणी थंड आहे असं तुम्ही सांगितलं का?"

"निवली म्हनलं, साहेब."

"म्हणजे थंड झालं."

म्हातारी जमिनीवर बोट ओढत राहिली.

"बाई, सरळ सांगा. पाणी गरम होतं का?"

तिने पदराने तोंड पुसलं. माझा आवाज आधी ऐकला होता म्हणून मी कुठे उभा आहे हे तिला माहीत होतं. तिने त्या बाजूला तोंड केलं. "मायले तसं म्हनत नाई, साहेब," ती म्हणाली. "मी काटी टाकाले लावली होती. इचारा सुनेले."

"मीच तोडली होती, मीच टाकली," सून म्हणाली. "दोन गोटे बी ठेवले होते."

शिपाई बघून आला होता. काटी नव्हती. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "काटी काय मायनं गिळली?" आणि हशा झाला.

साहेब माझ्याकडे वळले. थर्मामीटर सामानाच्या वाटपात गेल्याचं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "निवली या शब्दाचा अर्थ तुम्ही काय घेतला?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरी देवदेव नाही. असल्या बोलण्यातले आडून अर्थ मला कळत नाहीत. निवली म्हणजे थंड झाली, असं समजून मी लिहिलं."

एका साहेबाने पसंतीची मान हलवली. माझ्या बाबांनी देव सोडले होते ते खरं बोलता यावं म्हणून. त्यांचं सगळं आयुष्य मी त्या वाक्यात लपायला वापरलं. काटीबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कुंडाला तारेचं कुंपण पडलं. म्हातारीला तिथे बसायला मनाई झाली. माझी बदली झाली, पुढे रीतसर निवृत्त झालो. लाखनीत घर बांधलं. कुठेही भाजलेला माणूस दिसला की मी रस्ता बदलायचो. दारात कोणी अनोळखी उभं राहिलं की वाटायचं, आलं कोणीतरी विचारायला. वर्षं गेली, कोणी आलं नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात साकोलीच्या बसस्टँडवर टरबूजवाल्याजवळ उभा होतो. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "गोड हाये ना?"

"साखर हाये, भाऊ."

"पाह्य बरं, बुढीचं निवलं नको करू."

दोघंही हसले. मी टरबूजवाल्याला विचारलं, हे काय म्हणालास. तो म्हणाला, "काका, म्हन हाये आमच्याकडची. एक बुढी होती, कढत पान्याले थंडं सांगे. मानूस भाजला तिच्यापायी. तवापासून कोनी खोटं बोललं का म्हंतो, बुढीचं निवलं."

मी त्या दिवशी घरी न जाता पुढची बस धरली.

म्हातारी कधीच गेली होती. तिची सून अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. केस पिकलेले. तिने मला ओळखलं. "बसा, बाबू," म्हणाली आणि हात थांबवले नाहीत. मी सगळं सांगितलं: निवलीचा अर्थ मला माहीत होता, चौकशीत मी खोटं बोललो.

तिने सूप खाली ठेवलं. "ते तं आमाले माहीतच होतं. अख्ख्या गावाले माहीत होतं. निवली म्हंजे काय, हे इथल्या लेकराले बी समजते."

"मंग गावानं काहून नाही सांगितलं साहेबाले?"

"मायले तापली कोन म्हनन, बाबू? सासूनं नाई म्हनलं, मी नाई म्हनलं. गावात कोनाची जीभ उचलली नाई." तिने सूप पुन्हा उचललं. "तुमी म्हनू शकत होते. तुमाले कुठं माय होती?"

हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. त्या खोलीत तो शब्द उच्चारता येईल असा एकच माणूस होता.

"त्याचं जाऊ द्या," ती म्हणाली. "सासूले त्या म्हनीचं काही वाटे नाई. तिले खाल्लं त्या काटीनं. काटी सापडली नाई ना. मरेपर्यंत मले इचारे, खरं सांग, टाकली होती का आळस केला. नवराबी म्हने, तू टाकली असती तं मायची जागा गेली नसती. एक दोनदा हात उचलला त्यानं याच्यापायी. मीबी मंग मनात म्हनो, आपन टाकली का नाई? का नुसतं वाटून राह्यलं?"

मी चहा प्यायलो. काटीचं बोललो नाही. उठलो, येतो म्हणालो आणि निघालो. बसमध्ये बसल्यावर दरदरून घाम आला. शेजारच्या बाईने विचारलं, "बाबाजी, बरं नाही का?"

आठ दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. शब्दाचं सांगताना मी स्वतःला शूर समजत होतो, पण ते तर सगळ्यांना माहीतच होतं. जे फक्त मला माहीत होतं ते घेऊन मी परत आलो होतो. आता गेलो तर तिचा नवरा घरी असेल. बायकोवर हात उचलणारा माणूस माझं काय करील? मुलगा म्हणाला, कुठे जायचं असेल तर सोबत येतो. मी नको म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळच्या बसने पुन्हा गेलो. वाटेत झरा लागतो. कुंपणाच्या तारा तुटल्या होत्या. मी वरूनच पाहिलं: हिरवं शेवाळं आतपर्यंत आलेलं, पाणी गढूळ, बुडबुडे विरळ. बघणाऱ्याला ते साधं डबकं वाटलं असतं. तरी माझे पाय पहिल्या पायरीच्या अलीकडेच थांबले.

ती अंगणातच होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "काटी तुम्ही टाकली होती. ती मी काढली. आदल्या दिवशी दुपारी, मावशी जेवायला गेल्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडेल, शिव्या देईल, असं वाटलं. तिने विचारलं, "दोन गोटे होते वरती. सारखे होते का लहानमोठे?"

"एक मोठा होता. दुसरा चपटा, पाट्यासारखा."

"चपटा होता," ती म्हणाली. ते मला नव्हे, स्वतःलाच सांगत होती. "वरवंट्याखालचा जुना पाटा होता तो. फुटका." मग तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "आयकता का? बाहेर या जरा."

तिचा नवरा बाहेर आला. हातात विळा होता, त्यालाच धार लावत असावा.

"मले नोका सांगू आता," ती मला म्हणाली. "ह्यायले सांगा."

मी सांगितलं. गैरसमज झाला, चूक झाली असले शब्द मी वापरले नाहीत. मी काढली, मी फेकली, मी बोललो नाही, एवढंच सांगितलं. तो विळा घेऊन तसाच उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. तो बायकोकडे बघत होता.

"तू त्या दिवशी हात दाखोले होते मले," तो तिला म्हणाला. "काटे रुतलेले."

"दाखोले होते."

"मी म्हनलं होतं, सरपनाचे असन."

"हो. म्हनलं होतं."

तो ओट्यावर बसला. विळा त्याने कधी खाली ठेवला ते मला दिसलं नाही. मी बसची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटलो आणि वळलो.

"कुठं जाता?" ती म्हणाली. "खिडकीतून हसले ते कोन होते? बसा. सांजच्याले मानसं बांधीवरून येतेत. त्यायले बी सांगाचं हाये."

तिने खाट उन्हातून सावलीत ओढली आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. मी बसलो. दुपारभर ती तांदूळ निवडत राहिली. पळून जावं असं मला तीनदा वाटलं, एकदा तर चपला पायात घातल्या. मग बोडीच्या पाळीवरून, डोक्यावर गवताचे भारे घेऊन, पहिली चारपाच माणसं येताना दिसली. खाटेची कड धरून मी उभा राहिलो.